बाहेरून उघडलेलं दार

फोन आला तेव्हा शंकाबाई जेवायला बसल्या होत्या. पहिला घास हातातच राहिला.

"बाई, त्या नव्या मोठ्या विमानाची घसरगुंडी उडाली. मागच्या दाराची. दारासमोर माणूस होता."

"जिवंत आहे?"

"आहे. पण वरून खाली पडलाय. डोक्याला मार आहे, शुद्ध नाही."

"कशाला हात लावू नका. निघाले मी."

त्यांचं खरं नाव वेगळं होतं. हवाई खात्यात सगळे पाठीमागे त्यांना शंकाबाई म्हणत आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. नवऱ्यानं आपणहून चहा करून आणला, तर त्या आधी विचारायच्या, "काय फोडलंस?" अपघातांच्या चौकशीत असा स्वभाव कामाला येतो. घरात तितकासा नाही.

कंपनी तशी चिमुकली. पंख्यांची छोटी विमानं, या गावातून त्या गावात. प्रवाशांना चहा देऊन कप गोळा करेपर्यंत गाव यायचं. पण मालकांच्या जावयानं समुद्रापलीकडे उडायचं मनावर घेतलं. अख्खी रात्र हवेत काढणारं एक थोरलं विमान भाड्यानं आणलं. उद्या खात्याची माणसं ते तपासणार होती. सगळं ठीक निघालं तर परवानगी, नाहीतर विमान आल्या वाटेनं परत.

आणि आज त्याच विमानाच्या मागच्या दारातून करड्या रबराची भलीमोठी घसरगुंडी लोंबत होती. शेजारी खाण्याच्या गाडीचा वर उचललेला फलाट, त्यावर उपडे झालेले ट्रे. खाली ड्रायव्हरचा एक बूट पडला होता.

जावईबापू सामोरे आले. कंपनीत मालक सोडून सगळे त्यांना याच नावानं ओळखत.

"बाई, तुम्हाला उगाच त्रास. यात शोधण्यासारखं काही नाही. आमच्या मुख्य हवाईसेविका, ताई, दाराचा खटका काढायला विसरल्या. झालं."

हा खटका म्हणजे साधी गोष्ट. मोठ्या विमानाच्या दारात घसरगुंडी घडी करून ठेवलेली असते. उड्डाणाआधी आतला खटका खाली करून लावायचा. मग संकटात दार उघडलं की घसरगुंडी क्षणात फुगून बाहेर झेपावते आणि लोक तिच्यावरून घसरत सुटतात. विमान जागेवर लागलं की खटका पुन्हा वर करून काढायचा. कंपनीच्या छोट्या विमानांत ही भानगडच नव्हती. तिथे दार खाली पाडलं की त्याचाच जिना व्हायचा.

"सवय नसलेल्या बाईला मोठ्या विमानावर का घेतलंत?" शंकाबाईंनी विचारलं.

"सासऱ्यांचा हट्ट. कंपनी निघाली तेव्हापासूनच्या आहेत ना. मला तरुण मुली हव्या होत्या. पोलिसांना कळवलंय. माणूस दगावला तर ताईंना जबाब द्यावाच लागेल."

"फार घाईत दिसता."

"उद्या तपासणी आहे, बाई. चूक एकीची आहे असं ठरलं, तर विमान तरी वाचेल."

शंकाबाईंनी मनात पहिली खूण केली. गुन्हेगार आधीच ठरवून बसलेला माणूस त्यांना कधीच आवडला नव्हता.

कर्मचाऱ्यांच्या खोलीत ताई ताठ बसल्या होत्या. गणवेशाची एक घडी मोडलेली नव्हती. डोळे मात्र सुजले होते.

"मागच्या दाराचा खटका कोणी काढला?"

"मी. सकाळी सराव झाला. मग मास्तरांना बरोबर घेऊन एकेक दार फिरले आणि सगळे खटके काढले." मास्तर म्हणजे मोठ्या कंपनीतून बोलावलेले प्रशिक्षक.

"नक्की?"

"सकाळपर्यंत नक्की होतं, बाई. आता जो तो म्हणतोय विसरलीस, तेव्हा माझाच माझ्यावर भरवसा राहिला नाही."

"आवाज झाला तेव्हा कुठे होतात?"

"मागेच."

"मागे म्हणजे कुठे?"

ताई गणवेशाची बाही सरळ करू लागल्या.

"हे बघा, अर्धं उत्तर मला पुरत नाही. उरलेलं अर्धं मी मनानं भरते, आणि माझं मन काही चांगलं नाही."

"वर होते," ताई हळूच म्हणाल्या. "दारामागच्या शिडीनं वर गेलं की आमच्यासाठी बिछाने आहेत. लांबच्या प्रवासात पाळीपाळीनं झोपायला. माझ्या पोरी कशा झोपतील ते बघावं म्हणून जरा आडवी झाले."

"आणि डोळा लागला."

"लागला. लाज वाटते सांगायला. इतकी वर्षं विमानात पाठ टेकायला जागा मिळाली नव्हती."

"पुढे?"

"धडाड आवाज झाला. तशीच शिडी उतरले. दारापाशी दादा होते. खाली बघू नकोस म्हणाले. मला धरून बसवलं, पाणी पाजलं."

"हे दादा कोण?"

"आमच्या छोट्या विमानांचे मुख्य वैमानिक. माझं पहिलं उड्डाण त्यांच्याबरोबरचं. सख्खा भाऊ काय करील इतकं त्यांनी केलंय माझं." ताईंचा आवाज फुटला. "नोकरीचं मेलं काय व्हायचं ते होवो. पण माझ्या विसरण्यानं तो माणूस गेला, तर मी कुठल्या तोंडानं जगू?"

शंकाबाईंनी रुमाल पुढे केला. शंका मात्र मागे घेतली नाही. रडणारी माणसंही खोटं बोलतात.

मास्तर अपघात झाल्यापासून प्रशिक्षणाच्या खोलीत एकटेच बसून होते. जावईबापूंनी त्यांना तिथून हलायचं नाही असं बजावलं होतं. खोलीत सरावाचं एक खोटं दार होतं. हँडल, खटका, छोटी खिडकी, सगळं अगदी खऱ्यासारखं. फक्त ते भिंतीला स्क्रूनी गच्च बसवलेलं होतं.

"भिंतीला का?"

"जागा कुठे आहे? आणि माझ्या विद्यार्थिनी आतून दार उघडणाऱ्या. बाहेरची बाजू त्यांना काय करायची?"

"तुमच्याइतकी या दारांची माहिती इथे कोणाला आहे?"

"कोणालाच नाही."

"म्हणजे शंका पहिली तुमच्यावर."

"खुशाल घ्या. पण उद्या तपासणीत कंपनी नापास झाली तर शिकवणारा म्हणून माझंच नाक कापलं जाणार. स्वतःच्या पायावर धोंडा कोण पाडून घेईल?"

"ताई खटका विसरल्या?"

"मुळीच नाही. प्रत्येक खटका मी डोळ्यांनी पाहिलाय."

"तुम्हाला असं म्हणावंच लागेल. नाहीतर तुमचीही चूक ठरेल."

मास्तर चिडले. "मग विचारता कशाला?"

"तुमच्या वर्गात सेविकांखेरीज कोण होतं?"

"थोडे दिवस दादा यायचे. मोठ्या विमानाचं शिक्षण सुरू केलं होतं त्यांनी. पण झेपलं नाही, अर्ध्यात सोडलं. वाईट वाटलं मला. छोटी विमानं आता विकायला काढणार आहेत. म्हणजे त्यांना हार घालून घरी बसवणार."

घसरगुंडी कशी उडाली असेल, याबद्दल शंकाबाई त्यांच्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. एकाचं सांगणं दुसऱ्याच्या कानावर घालायचं नाही, हा त्यांचा नेम होता.

दादा विमानतळाच्या कट्ट्यावर बसले होते. पिकल्या मिशांचा, रुबाबदार माणूस. बाई दिसताच त्यांनी विचारलं, "ड्रायव्हर शुद्धीवर आला का?"

"अजून नाही. तुम्ही काय पाहिलंत?"

"मी विमान बघून पुढच्या जिन्यानं खाली उतरलो होतो. पंखाखाली उभा होतो. खाण्याची गाडी मागच्या दाराला लागली. ड्रायव्हरनं बाहेरून हँडल ओढलं, दार उघडलं, आणि घसरगुंडीनं त्याला उडवला."

"स्वतः पाहिलंत?"

"या डोळ्यांनी."

"मग काय केलंत?"

"धावत वर गेलो. ताई दारापाशी उभी होती, थरथरत."

"वर कुठून गेलात?"

"पुढच्याच जिन्यानं. दुसरा जिना नव्हता."

"म्हणजे खटका लावलेलाच राहिला होता. चूक ताईंची."

दादांनी मिशीवरून हात फिरवला. "बोलताना जिवावर येतं. पण वय होतं माणसाचं. नवं अंगवळणी पडत नाही."

"मोठं विमान यावं असं तुम्हाला वाटत होतं?"

"मला विचारतो कोण?" ते उठले. दोन पावलं गेले आणि वळले. "डॉक्टर काय म्हणतात? येईल ना शुद्धीवर?"

हा प्रश्न काळजीनंही विचारतात आणि भीतीनंही. दोन्हीचा आवाज सारखाच येतो.

शंकाबाई विमानाकडे गेल्या. पंखाखाली उभ्या राहिल्या. तिथून पदर खोचून धावत निघाल्या, पुढचा जिना चढल्या आणि आतल्या वाटेनं मागे जाऊ लागल्या. खुर्च्यांच्या रांगा संपता संपेनात. मागच्या दारापाशी पोचेतो त्यांच्या छातीचा भाता झाला. दम खाऊन त्या शिडीनं वर गेल्या, बिछान्यावर आडव्या झाल्या आणि लगेच खाली उतरल्या. दार शिडीच्या पायथ्याशीच होतं.

"हं," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी मास्तरांना बोलावून घेतलं आणि दारापाशी उभं राहून त्यांना एकच प्रश्न विचारला. उत्तर ऐकून पहिल्यांदाच त्यांच्या कपाळावरची आठी गेली.

उन्हं उतरायच्या आत सगळे विमानाच्या दुसऱ्या बाजूला जमले होते. तिकडच्या मागच्या दाराला गाडीचा फलाट लावला होता. आतून मास्तर ओरडले, "खटका लावला, बाई."

शंकाबाई फलाटावर चढल्या. "दादा, सकाळी ड्रायव्हरनं केलं तेच करायचं आहे. येता वर?"

"बाई, वेड लागलंय का तुम्हाला? फेकल्या जाल. तुमचीही हाडं मोडतील."

"म्हणजे घसरगुंडी उडणार अशी तुमची खात्री आहे?"

"प्रश्नच नाही."

"बरं."

त्यांनी हँडल धरलं. जावईबापू मागच्या मागे पळाले. ताईंनी डोळे मिटले. शंकाबाईंनी हँडल वर ओढलं.

दार मुकाट्यानं बाहेर आलं आणि बाजूला सरकलं. बाकी काहीही झालं नाही.

"हे दार बाहेरून उघडलं," शंकाबाई वरूनच म्हणाल्या, "की खटका आपोआप निघतो. बाहेरून सोडवायला आलेल्या माणसाच्या अंगावर घसरगुंडी पडू नये म्हणून बनवणाऱ्यांनीच तशी सोय केली आहे. मास्तरांना विचारलं, त्यांनीही तेच सांगितलं. ताई खटका विसरल्या असत्या तरी ड्रायव्हरच्या हातून घसरगुंडी उडाली नसती. ती उडाली, कारण कोणीतरी आतून खटका लावला आणि आतूनच दार उघडलं."

"मग हे मास्तरच," जावईबापू म्हणाले.

"मास्तर खोटं बोलले असते, तर हे खोटं बोलले नसते. बाहेरून काय होतं ते त्यांना ठाऊक आहे. हे खोटं सुचलं ते भिंतीला ठोकलेल्या दारावर शिकलेल्या माणसाला. ज्यानं दाराची फक्त आतली बाजू पाहिली आहे, अशा."

जावईबापू एकेका चेहऱ्याकडे बघू लागले.

"ताईही त्याच दारावर शिकल्या. पण त्यांनी केलं असतं, तर मी झोपले होते असं लाजिरवाणं उत्तर त्यांनी दिलं नसतं. राहिले दादा. दादा, तुम्ही म्हणता पंखाखालून धावत वर आलात. ताई म्हणतात, आवाजानं शिडी उतरले तर दादा दारापाशी होते. मी धावून बघितलं. तेवढ्या वेळात ताई शिडी उतरून, रडून, पाणी पिऊन झाल्या असत्या. तुमच्या छोट्या विमानात पुढून मागे जायला चार ढांगा लागतात. जन्मभराची सवय. खोटं बोलतानाही तुम्ही तेच माप वापरलंत."

दादांचा हात मिशीकडे गेला.

"आणि खरं सांगू? मला पहिली शंका आली ती वेगळ्याच गोष्टीनं. माणूस तुमच्या डोळ्यांदेखत वरून खाली कोसळला म्हणता. मग त्याला उचलायचं सोडून तुम्ही वर का धावलात?"

दादा मटकन खाली बसले. रुबाब पार उतरला होता.

"तपासणी हुकावी एवढंच होतं मनात," ते म्हणाले. "विमान परत गेलं असतं. छोटी विमानं राहिली असती. बाहेर गाडी लागलीय हे मी पाहिलंच नाही. खिडकीतून आधी बघायचं असतं, ते बघितलं नाही. देवाशपथ, त्या माणसाला मारायचं नव्हतं."

"आणि मला?" ताईंनी विचारलं.

"तू आत आहेस हे मला ठाऊक नव्हतं गं."

"नंतर तर ठाऊक झालं."

दादा पुटपुटले, "वाटलं, तुझी चूक म्हणून सोडून देतील. मालकांचा तुझ्यावर जीव. फार तर घरी बसवतील. तू निभावून नेशील."

"काय निभावून नेणार होते मी? माझ्या हातून माणूस मेला, हे घेऊन रोज झोपायचं? सकाळपासून मी स्वतःला खुनी समजतेय, दादा. आणि तुम्ही शेजारी बसून मला पाणी पाजत होतात."

"ताई..."

"आजपासून मला ताई म्हणायचं नाही."

त्या वळल्या आणि मास्तरांना म्हणाल्या, "ड्रायव्हर कुठल्या इस्पितळात आहे? त्याची बायको एकटी बसली असेल."