डाव्या हाताची जॉयस्टिक

जॉयस्टिक एकच होती आणि तिच्यावर हात दोन पडले.

अमरावतीला सत्यभामाबाईंचं जुन्या कॉम्प्युटरच्या सामानाचं दुकान आहे. बाहेर मे महिन्याचं ऊन नुसतं भाजून काढत होतं, आत कूलर घरघरत होता, वाळ्याचा ओला वास सुटला होता. कोपऱ्यातल्या ढिगात आचलनं डावा हात घातला, पलीकडून एका उंच पोरानं उजवा घातला, आणि दोघांची बोटं त्या काळ्या दांड्यावर एकमेकांत अडकली.

"मी आधी धरली," आचल म्हणाली.

"मी बी आधीच धरली."

गल्ल्यावरून सत्यभामाबाई म्हणाल्या, "धरून राहा दोघंही. दुकान बंद करायच्या वेळी काय ठरलं ते सांगजा."

आचल जोशी अकोल्याच्या कोर्टात वकिली करायची. पूजाअर्चा सांगणाऱ्या कमलाकांत गुरुजींची एकुलती एक मुलगी. पक्षकारांची भांडणं दिवसभर ऐकून झाली की घरी येऊन ती कॉम्प्युटरवर लढाऊ विमान उडवायची. तेही आतापर्यंत कीबोर्डवर! बटणं दाबून विमान वळवणं म्हणजे फोनवरून सांगून दुसऱ्याकडून पोळी लाटून घेणं. म्हणून तिला जॉयस्टिक हवी होती, आणि हीच हवी होती. बाकी सगळ्यांना उजव्या तळव्याच्या मापाचा खळगा होता. ही एकटी सरळ होती, कोणत्याही हाताची.

"तुम्हाला कशाला ही? तुम्ही तर उजवे दिसता," ती म्हणाली.

"आत चुंबकाचा सेन्सर आहे हिच्या. घासून खराब होत नाही." त्यानं तिच्या हाताकडे बघितलं. "तुमी डाव्या हातानं उडवता? ही काडी उजव्या हातात धरतात न मॅडम, अन् वेगाचा दांडा डाव्या हातात. सगळे तसंच करतात."

"सगळे?"

"सगळे."

"मग मला नक्कीच डाव्या हातात पाहिजे."

तो हसला. हसला की त्याचा एक गाल आधी हसायचा आणि दुसरा मागून यायचा. त्यानं बोटं सोडवून घेतली... जरा सावकाशच.

"घ्या. पण एक अट आहे."

"मी वकील आहे. अट ऐकल्याशिवाय हो म्हणत नाही."

"लावून मी देणार."

त्याचं नाव श्याम गावंडे. अमरावतीला पॉलिटेक्निकमध्ये शिकवायचा. वडील नत्थुजी मूर्तिजापूरजवळ शेती करत. सत्यभामाबाईंच्याच एका कॉम्प्युटरवर त्यानं जॉयस्टिक जोडली आणि तिला एकेक विचारत गेला. गोळी कोणत्या बोटावर? मान वळवून मागे बघायचं बटण अंगठ्यावर चालेल? दांडा पिळला की शेपूट वळेल, हे हाताला जड जाईल का? आतापर्यंत आचलला हाताबद्दल इतके प्रश्न कोणीच विचारले नव्हते. घरी फक्त हुकूम असत. पाटी उजव्या हातात धर. प्रसाद उजव्या हातानं घे. पाहुण्यांसमोर तरी नीट जेव.

शेवटी पडद्यावर एक तिरपी रेघ आली.

"ही रेघ सरळ ठेवली की जेवढा हात हलला तेवढं विमान हालते," श्याम म्हणाला. "अन् मधी अशी वाकवली, की हात थोडा थरथरला तरी विमानाले समजत नाही. नवीन माणसाले बरं असते."

"सरळच ठेवा."

"तुमचा हात कापते."

"मग विमानाला समजू दे की!"

श्यामनं रेघ सरळच ठेवली आणि तिच्याकडे बघितलं. सत्यभामाबाईंनी उगाच कूलरला पाणी घातलं.

मग अकोल्यातून ती आणि अमरावतीहून तो, अशी दोन विमानं रोज संध्याकाळी एकत्र उडायला लागली. खाली कुठला तरी परदेशी समुद्र, आणि कानात वऱ्हाडी.

"वकिलीणबाई, किती वर चढून राहिल्या? तिथं कोर्ट नाही."

"तू खालीच राहा... म्हणजे, तुम्ही."

"आचल, एक सांगायचं होतं..."

"सांगा."

"...तुमच्या मागं विमान आहे."

असं त्याचं चार वेळा झालं. चारही वेळा मागे खरंच विमान होतं, हे आचलला कबूल करावं लागलं. पण बोलता बोलता आवाज बदलतो तेव्हा तो विमानामुळे बदलत नाही, एवढं तिलाही कळत होतं. तो का थांबतो, हेही कळत होतं. गुरुजींची मुलगी आणि गावंड्यांचा पोरगा. जातीचं ते वाक्य दोघंही कधी बोलले नाहीत.

पावसाळ्यात अमरावतीला याच विमानांच्या खेळाची स्पर्धा जाहीर झाली. लग्नाची तिथी नसलेला रविवार बघून आयोजकांनी एक मंगल कार्यालयच घेतलं. जिथं वरमाला घालतात तिथं समोरासमोर दोन कॉम्प्युटर. आदल्या दिवशी श्यामनं तिला जॉयस्टिकच्या सेटिंगची एक फाईल पाठवली: 'ही टाका. बटणांचं थोडं नीट केलं आहे.' आचलनं ती जॉयस्टिकबरोबर नेली आणि तिथल्या कॉम्प्युटरवर टाकली. त्याच्या हातचं होतं, म्हणून उघडूनही बघितलं नाही. पक्षकाराला न वाचता सही करू नका असं सांगणारी बाई ती!

स्पर्धेत मुली दोन, डावखुरी एक. मागच्या रांगेत कोणीतरी "उलटी वकिलीण" म्हणून खिदळलं. पहिल्या दोन फेऱ्या तिनं जिंकल्या. तिसऱ्या फेरीत नागपूरचा अद्वैत होता. त्याचं विमान अगदी नाकासमोरून आडवं गेलं. आचलनं दांडा ओढला... आणि विमान आळोखेपिळोखे देत, झोपेतून उठल्यासारखं वळलं. तोवर अद्वैत मागे आला होता.

टाळ्या वाजत असताना तिनं तिथंच सेटिंग उघडली. रेघ सरळ नव्हती. मधोमध चांगलं पोट काढून बसली होती.

श्याम बाजूला येऊन उभा राहिला. त्याच्या हातात तिच्यासाठी आणलेला चहा होता.

"हे तुम्ही केलं?"

"...हो. तुमचा हात कापते न. मले वाटलं, इतके लोक पाहून राहिले, जास्तच कापन. तुमी जिंकावं म्हणून मी—"

"मला विचारलं काहून नाही?"

"नाही म्हटलं असतं तुमी."

"म्हणून विचारलं नाही!" आता सगळं कार्यालय ऐकत होतं, आणि आचलला त्याचं काही नव्हतं. "लहानपणापासून सगळे माझा हात सुधारत आलेत, श्याम. बाबांनी, बाईंनी, मावशीनं. सगळ्यांनी प्रेमानंच सुधारला. एक तू विचारत होतास. तूही त्यांच्यातलाच निघालास."

ती बसनं अकोल्याला निघून गेली. श्याम चहा धरून तसाच उभा. तिनं आपल्याला 'तू' म्हटलं, हे त्याच्या लक्षात आलं, पण आनंद करायची ती वेळ नव्हती.

आठवडाभर त्याचे संदेश आले. 'माफ करा' आलं, 'चुकलो' आलं. मग एक लांबलचक, शहाणपणाचा आला. तो तिनं अर्धाच वाचला. शेवटी एक आला, तो मात्र छोटा होता: 'मी घाबरलो होतो. तुम्ही हराल म्हणून नाही. हरल्या तर परत अमरावतीला येणार नाही म्हणून.'

आचलनं तो तीनदा वाचला. मग लिहिलं, 'रविवारी दुपारी. तू आणि मी. रेघ सरळ. मुद्दाम हरलास तर नंबर ब्लॉक.'

रविवारी अकोल्यात पावसाला खंड पडलेला होता. उकाड्यानं कानावर हेडफोन धरवेना. तिनं स्पीकर सुरू ठेवला. पलीकडे कमलाकांत गुरुजी झोपाळ्यावर पंचांग घेऊन बसले होते. संध्याकाळी आचलला बघायला एक पाहुणे यायचे होते, मुलगा पुण्याला असणारा. आचलनं सकाळीच सांगितलं होतं, येऊ नका म्हणून कळवा. गुरुजींनी कळवलं नव्हतं.

विमानं भिडली. श्याम खरंच सोडत नव्हता. दोनदा तिच्या पंखाला भोकं पडली. तिचा हात कापत होता आणि विमानही कापत होतं, पण ते तिचं ऐकत होतं, आत्ता म्हटलं की आत्ता. ढगाच्या कडेला तो एक क्षण उशिरा वळला. आचलनं बोट दाबलं. त्याच्या इंजिनातून काळा धूर निघाला.

"पाडलं!" ती ओरडली.

स्पीकरमधून दम लागलेला आवाज आला. "आचल, एक सांगायचं होतं..."

"श्याम, पॅराशूट उघड आधी."

"नाही. आधी सांगतो. मले तू आवडते. दुकानात दांडा सोडला नव्हता तेव्हापासून. मी गावंडे आहे, तुझे बाबा गुरुजी आहेत, सगळं माहीत आहे मले. तरी आवडते."

झोपाळा थांबला.

"कोण आहे हा?" गुरुजींनी विचारलं.

आचलनं स्पीकर बंद करायला हात नेला. मग परत घेतला.

"श्याम गावंडे. अमरावतीला शिकवतो. मूर्तिजापूरकडचे आहेत ते लोक."

"गावंडे," गुरुजी म्हणाले. नुसतंच आडनाव.

"हो बाबा. आणि मला तो आवडतो. संध्याकाळच्या पाहुण्यांना तुम्ही फोन करता की मी करू? मी केला तर कारणही सांगीन."

"लोक काय म्हणतील, याचा काही..."

"म्हणू दे. दिवसभर कोर्टात लोकांचंच ऐकते मी. एक दिवस त्यांनी माझं ऐकावं."

गुरुजींनी पंचांग मिटलं. पडद्यावरच्या त्या जळणाऱ्या विमानाकडे बघितलं, लेकीकडे बघितलं. मग उठून आत गेले. आतून फोनची बटणं दाबल्याचा आवाज आला, आणि गुरुजींचा कोरडा स्वर, "नमस्कार. आज जमणार नाही..."

"आचल?" स्पीकर हळूच बोलला. "बाबा काय म्हणाले?"

"काही नाही. रागावलेत. बरेच दिवस रागावतील."

"मग... काय करू मी?"

"काय करू म्हणजे? उद्या घरी येऊन राहिलास ना?"



"येऊन राहिलो," श्याम म्हणाला. "पण कसा येऊ? गल्लीत लोक पाहतीन. मागून एखादा रस्ता—"

"सकाळच्या गाडीनं ये," आचल म्हणाली. "आणि पुढच्या दारानं ये."