येलहंक्याहून आलेलं बटण

तो पहिल्यांदा दुकानात शिरला तेव्हा त्याच्या शर्टाचं छातीवरचं बटण गायब होतं, आणि ती जागा झाकायला त्यानं मिटलेली छत्री उराशी धरली होती. बाहेर आमच्या बेंगळुरूचा तो नेहमीचा पाऊस... धड भिजवत नाही, धड थांबत नाही. छत्री डोक्यावर धरायची सोडून हा माणूस छातीशी धरून उभा!

"बटन... बेकु," तो म्हणाला.

बेकु म्हणजे हवं, पण त्याचं कन्नड इतकं वाईट होतं, की मी मशीन थांबवून मान वर केली. दिसायला मात्र अगदी इथला. सावळा, कुरळ्या केसांचा. आणि डोळे... डोळ्यांचं नंतर सांगते.

"आत्या, जरा लक्ष ठेव हं याच्यावर," मी मराठीत म्हटलं. "दिसतो इथला नि बोलतो कुठला तरी. मला लबाड वाटतो."

गिऱ्हाइकांसमोर आम्ही मराठीतच बोलतो. आमचं घराणं इतक्या पिढ्या इथं आहे की मूळ गावाची आठवणही कुणाला राहिलेली नाही, पण मराठी आम्ही जपून ठेवलीय. जयनगरच्या भर बाजारात गिऱ्हाइकाच्या तोंडावर त्याच्याविषयी बोलता येतं, हा काय लहान फायदा आहे?

"मी लबाड नाही," तो मराठीत म्हणाला. "मी शिक्षक आहे."

अंबुआत्याच्या हातातली सुई थांबली. माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. पण माघार घेणं माझ्या रक्तात नाही.

"नाव काय तुमचं?"

"गिरीराज भिवाजी. मी मॉरिशसहून आलो. येलहंक्याच्या एका शाळेत फ्रेंच शिकवतो."

"भिवाजी हे वडलांचं नाव. आडनाव?"

"तेच आडनाव. मॉरिशसला ऊसतोडीला गेलेले खापरपणजोबा बोटीतून उतरले. कारकुनानं नाव विचारलं, त्यांनी सांगितलं, भिवाजी. तेव्हापासून आम्ही सगळेच भिवाजी."

"आणि गाव?"

"ते बहुधा कारकुनानं विचारलं नाही," तो म्हणाला, आणि हसला. हसताना त्याचे डोळे आधी हसायचे, ओठ मागाहून. त्याच क्षणी मी ठरवलं, की या माणसापासून जपून राहायचं.

आत्या मात्र पाघळली. "अय्यो! बा रे बाळ, बस. इतक्या दुरून आलास? स्वल्प कॉफी घे." तिनं स्वतः त्याला बटण लावून दिलं. आमच्या 'वासुदेव टेलर्स'मध्ये अण्णा, म्हणजे माझे वडील, सकाळी कापड बेतून घरी जातात, शिवण माझ्याकडे आणि काजं-बटणं आत्याकडे.

पुढच्या शनिवारी तो परत हजर. दुसरा शर्ट, दुसरं बटण.

"येलहंक्यात टेलर नाहीत?" मी विचारलं.

"आहेत की."

"मग शहराच्या त्या टोकाहून बसनं मेजेस्टिक, तिथून मेट्रो... एवढा उपद्व्याप एका बटणासाठी?"

"बटण चांगलं होतं," तो गंभीरपणे म्हणाला.

मी शर्ट उजेडात धरला. झिजून तुटलेल्या दोऱ्याला लव येते. इथं दोऱ्याची टोकं कशी साफ, एका रेषेत! कुणीतरी ब्लेडनं कापलं होतं. मी काही बोलणार, तेवढ्यात आत्यानं शर्ट ओढून घेतला. "दे गं इकडे. बटणं माझं काम."

त्यानंतर शनिवार आला की बटण आलंच. आत्या शर्ट परस्पर काढून घेई आणि हा स्टुलावर बसून परदेशातले हाल सांगत राही.

"रिक्षावाले माझं तोंड बघून कन्नड बोलतात. मग माझं कन्नड ऐकून रागावतात. घरमालक दार उघडलं की पिशवीत अंडी आहेत का ते बघतो. मुलं मी वर्गात शिरलो की सगळी उभी राहतात... मी प्रत्येक वेळी घाबरतो, वाटतं आता निघून जाणार. आणि ही थंडी! आईनं गरम देश म्हणून सगळे सुती शर्ट दिले. मी स्वेटर घालून झोपतो."

"म्हणजे बटणं थंडीनं गळतात तर."

"शक्य आहे," तो म्हणाला. डोळे आधी हसले.

"इथं राहायचं असेल तर एक शब्द शीक. स्वल्प. स्वल्प थांबा, स्वल्प सरका, स्वल्प कमी करा. निभतं सगळं."

"स्वल्प हस... असं म्हणता येतं?"

"येतं. पण मी हसत नाही."

'तुम्ही'वरून 'तू'वर आम्ही कधी आलो, ते मला कळलंच नाही. आणि जे मला कळत नाही, त्याचा मला संशय येतो. आत्ताच फोडलेल्या पिशवीतलं दूधही मी हुंगून बघते, घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मी रात्री जेवताना आत्यासमोर एकेक शंका काढायची. हा खरंच मॉरिशसचा कशावरून? इमारतीच्या मालकाला आपलं दुकान रिकामं करून हवंय, त्यानं तर पाठवला नसेल?

"बटणं तोडायला?" आत्या भात कालवत विचारायची.

खरी शंका मी तिला सांगितली नाही. ती अशी होती, की हा एका वर्षाच्या करारावर आलेला माणूस आहे, शनिवारचा वेळ जात नाही म्हणून इथं येतो, आणि एक दिवस बॅग भरून बेटावर परत जाईल. मग मी दर शनिवारी दाराकडे बघत बसणार. मला ते नको होतं. आणि खरं सांगायचं तर मी आत्ताच शुक्रवारपासून दाराकडे बघायला लागले होते.

मग तो शनिवार आला. गिरीराज बसला नाही, उभाच राहिला.

"कस्तुरी, शाळेनं विचारलंय. पुढच्या वर्षी राहणार, की जाणार? सोमवारी सांगायचंय."

"जाणारच असशील." माझा आवाज मलाच कोरडा वाटला.

"आईला वाटतं, परत यावं. मला... मला आधी एक गोष्ट पक्की कळायला हवी." आणि त्यानं पिशवीतून शर्ट काढला. बटण नव्हतं.

माझा संयम सुटला. "पुरे झालं हे! बटणं तू ब्लेडनं कापतोस. मी बघितलंय. कशाला? काय हवंय तुला इथून?"

तो चांगलाच चपापला. मग हळूच म्हणाला, "एक कापलं. दुसऱ्या वेळचं. दाढीच्या ब्लेडनं... पहिलं मेट्रोच्या गर्दीत तुटलं होतं. इथं आलो तर तू मला लबाड म्हणालीस. आजी गेल्यापासून मला कुणी मराठीत रागावलं नव्हतं. परत ऐकावंसं वाटलं. दुसरं कारण सुचेना."

म्हणजे मराठीसाठी! एवढे सगळे शनिवार, ते हसणं... आणि मी नुसती आजीच्या भाषेची सोय.

"आणि बाकीची बटणं?"

"ती मी कापली नाहीत. ती पडतात. वर्गात फळ्यावर लिहायला हात उचलला की पडतात. मग मला वाटायला लागलं..."

"काय?"

"की तू मुद्दाम कच्ची लावतेस," तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मी परत यावं म्हणून."

"मी? मी कशाला लावू? तुझी बटणं तर—"

आम्ही दोघांनी एकदमच आत्याकडे बघितलं. ती मान खाली घालून शिवत होती, मन लावून. तिच्या सुईत दोरा नव्हता.

मी शर्ट पालथा केला. आत्यानं मागे लावलेलं दुसरं एक बटण जरा ओढलं, ते सरळ हातात आलं. आत पांढरा कच्चा दोरा, ट्रायलपुरता कपडा टाचायला वापरतो तो. दोन टाके, गाठही नाही.

"आत्या!"

"डोळे गेले गं माझे," आत्या म्हणाली. "दोरा कुठला, दिसतच नाही." चष्म्याशिवाय सुई ओवणारी बाई ही!

मला हसू फुटलं. आणि मग मला गिरीराजचा चेहरा दिसला. तो हसत नव्हता.

"म्हणजे... तू नव्हतीस."

"नाही," मी म्हटलं.

"सरी." सरी, म्हणजे ठीक. कुठला शब्द कुठं वापरायचा, तेवढं तो आता शिकला होता. "या बटणांच्या भरवशावर मी सोमवारी होकार देणार होतो." त्यानं छत्री उचलली.

इतके महिने मी त्याच्यात खोट शोधत होते. आता कळत होतं, की त्याच्याजवळ एक ब्लेड आणि एक वेडी आशा, याखेरीज काहीच नव्हतं. आणि तो चालला होता. मला ज्याची भीती होती, तेच माझ्या एका 'नाही'नं मी घडवत होते. बोल की गं, मी स्वतःला म्हटलं.

"थांब," एवढंच कसंबसं म्हणाले. "बटण लावल्याशिवाय इथून शर्ट जात नाही."

"राहू दे."

"बस म्हटलं ना!"

तो बसला. मी आत्याच्या हातातून सुई घेतली. तिच्या डब्यात दोन रिळं होती. मेण लावलेला पक्का दोरा मी उचलला, त्याला दिसेल असा वर धरला आणि डब्यात परत ठेवला. मग दुसरं रीळ घेतलं. पांढरं.

त्यानं हातातली छत्री खाली ठेवली.

मी सुई ओवली. बटणाचं भोक सापडेना, पण मी त्याच्याकडे न बघता दोन टाके घातले आणि दोरा दातानं तोडला.

"गाठ?" त्यानं अगदी हळू विचारलं.

"मारत नाही."

"कस्तुरी... किती दिवस टिकेल हे?"

"सोमवारपर्यंत सांभाळ. होकार द्यायला जाताना शर्टाला बटण असावं." मी शर्ट त्याच्या हातात दिला, आणि त्यानं शर्टाबरोबर माझी बोटंही धरून ठेवली. मी सोडवून घेतली नाहीत. "नंतर पडलं की ये."

डोळे आधी हसले. "आणि नाही पडलं तर?"

मी हसले. स्वल्प नाही, चांगली मनापासून.

"दाढीचं ब्लेड आहे ना तुझ्याकडे?"