चूलबंद आवतन

तहसील कचेरीचा शिपाई कागद घेऊन आला तेव्हा जगदेव वांग्याच्या वाफ्याला पाणी देत होता. एकोणीसशे सदतीस सालचा डिसेंबर. कागदात लिहिलं होतं की मुंबईला कापसाची आंतरराष्ट्रीय परिषद भरणार असून तिचे चौदा प्रतिनिधी त्याआधी वऱ्हाडातला कापूस शेतात उभा असलेला पाहू इच्छितात. ते वाशीमला रेल्वेतून उतरतील, मोटारींनी अनसिंगवरून सावळीला येतील आणि एक मुक्काम करतील. तरी योग्य ती व्यवस्था ठेवावी.

व्यवस्थेची यादी मागे टाचलेली होती. माणशी एक खाट, एक मच्छरदाणी, एक आरसा. उकळून गाळलेलं पाणी. दोघांना तिखट मुळीच चालणार नाही. एकाला अंडं चालतं पण दूध चालत नाही. मिसर देशच्या, म्हणजे इजिप्तच्या पाहुण्याला नमाजासाठी स्वच्छ जागा हवी. आणि सगळ्यात शेवटी, 'गावकऱ्यांनी मोठ्या संख्येने हजर राहावे.'

ही यादी चावडीवर वाचली गेली तेव्हा एकेकाला भराभर कामं आठवली. पाटलांची कंबर धरली, सावकाराला कारंज्याला जाणं भाग पडलं. जगदेव मात्र उठून म्हणाला, "म्या करतो."

चावडीत हसू पिकलं. मागून कोणीतरी बोललंच, "पाहुण्यायनं शिदोरी आनली तं बरं होईन!"

या टोमण्याला नऊ वर्षं झाली होती. जगदेवच्या बहिणीच्या लग्नात तिसऱ्या पंगतीला वरण संपलं, मग पोळ्या संपल्या, आणि चाळीस वऱ्हाडी अर्ध्या पोटी उठले. तेव्हापासून सावळीत काहीही कमी पडलं, पेरणीला बियाणं का होईना, की लोक म्हणत, "हे तं जगदेवचं जेवन झालं." माणूस मोठा हिशेबी, चोख, चार बुकं शिकलेला, पण गावानं एकदा नाव ठेवलं की ते अंगाला गोंदल्यासारखं बसतं. जगदेवला ते पुसायचं होतं. आपल्या हातून एकही माणूस उपाशी उठू नये, एवढंच त्याला पाहिजे होतं.

जागेचा प्रश्न आधी सुटला. गावाबाहेर नाल्यापलीकडे जुन्या सावळीची रीठ होती. रीठ म्हणजे उठून गेलेलं गाव. संवत छपन्नच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे सालच्या दुष्काळात ते गाव बसलं, ते परत उठलंच नाही. आता तिथं पांढऱ्या मातीचे उंचवटे, चार मोठे कडूनिंब आणि एक गोड्या पाण्याची विहीर, एवढंच होतं. जागा सपाट, सावली दाट, पाणी जवळ. साहेबांच्या तंबूला आणखी काय पाहिजे?

वाशीमचे गुलाम नबी तंबू, खुर्च्या, गालिचे घेऊन सहा बैलगाड्यांनी आले. उरूस असो की कलेक्टर, सामान त्यांचंच. तंबूची पहिली मेख ठोकताना त्यांनी सभोवार नजर टाकली.

"जगदेवभाऊ, इथं कोणी राहत होतं का हो?"

"चाळीस वर्सं झाली असतीन."

"मग हे झाडून कोनं ठेवलं?"

जगदेवनं पाहिलं. गवत होतं, पण मधेमधे, उंचवट्यांच्या पुढ्यात, दारापुढे सडा घालायला ठेवावी तेवढी जागा साफ होती. "ढोरं बसत असतीन," तो म्हणाला, आणि खाटा मोजायला लागला. ढोरांचं शेण मात्र कुठं दिसलं नाही, हे त्याच्या लक्षात आलं होतं. पण चौदा खाटांपैकी दोन कुरकुरत होत्या आणि ते जास्त निकडीचं होतं.

राहता राहिलं 'मोठ्या संख्येने'. त्याला जगदेवनं अस्सल वऱ्हाडी तोड काढली: चूलबंद आवतन. म्हणजे घरातल्या एकाला नाही, दोघांना नाही, तर अख्ख्या चुलीला जेवणाचं बोलावणं. त्या दिवशी त्या घरी चूल पेटवायची नाही, म्हाताऱ्यापासून तान्ह्यापर्यंत सगळ्यांनी यायचं. असं आवतन मोडणं म्हणजे सोयरीक मोडण्यासारखं, आणि ज्यानं ते खाल्लं त्यानं कधीतरी ते फेडायचं, अशी रीत.

आदल्या दिवशी त्यानं देवला कोतवालाला डफडं घेऊन बोलावलं. "दवंडी इथूनच सुरू कर, रिठावरून. तंबूवाल्या गड्यायलेबी ऐकू गेली पायजे."

देवला घुटमळला. "मालक, गडी तं नबीचाचासंग चहा पिऊन राह्यले तिकडं नाल्यावर. इथं कोनाले आवतन देऊ?"

"जो असन त्याले दे! येकबी चूल सुटली नाई पायजे."

देवलानं हुकूम पाळला. निंबाखाली उभं राहून त्यानं डफडं वाजवलं आणि खणखणीत आवाजात चूलबंद आवतन दिलं. मग का कोण जाणे, गावाकडे जाताना तो जरा भरभर चालला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोटारी आल्या आणि सावळीला जत्रेची कळा आली. चौदा पाहुण्यांत लँकेशायरचे दोन लांबुडके साहेब होते, अमेरिकेचा एक आडवा साहेब होता, जपानचे दोघं कापसाचं बोंड पाहिलं तरी नमस्कार करायचे, आणि मिसरचा पाहुणा असा गोरागोमटा, हसरा, की बायका म्हणाल्या हा तर आपल्या शेलूबाजारच्या जावयासारखाच दिसतो. त्यांनी शेत पाहिलं, कापूस वेचणाऱ्या बायांच्या कमरेला बांधलेल्या ओट्या पाहिल्या. अमेरिकेच्या साहेबानं हट्टानं स्वतः ओटी बांधून घेतली आणि दहा झाडांत घामाघूम झाला. बायांनी तोंडाला पदर लावून हसून घेतलं. तुळसाबाई, जगदेवची बायको, म्हणाली, "याले मजुरीत पावशेर मीठ बी नाई भेटनार."

दिवस कलायच्या आत जेवणं सुरू झाली. साहेबलोक शामियान्यात टेबलाशी, गाव निंबाखाली पंगतीत. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वर तूप, वांग्याची भाजी, वरण, भात, बुंदी. गावात माणसं तीनशे दहा. जगदेवनं पत्रावळी लावून घेतल्या होत्या चारशे. अन्नही चारशेंचं. यंदा हात आखडता नव्हता. पहिलं पान घरधन्याचं, मग पुढची पानं वयाच्या मानानं, आणि वाढणं डाव्या कोपऱ्यातल्या मिठापासून, अशी सावळीची पद्धत. आपल्या पहिल्या पानावर जगदेवनं मानानं पाटलांना बसवलं. त्यांची कंबर जेवणापुरती बरी झाली होती.

मिसरचा पाहुणा चार रोडगे खाऊन पाचव्याकडे पाहत होता. गुलाम नबी त्याच्या शेजारी उभं राहून कौतुकानं म्हणाले, "माशाल्ला, हा तर आपलाच निघाला."

विहिरीकडच्या बाजूला आणखी एक पंगत बसलेली जगदेवला तेव्हा दिसली.

ती कधी बसली हे त्यानं पाहिलं नव्हतं. ऐंशी-नव्वद माणसं, म्हातारे, बाया, कडेवरची पोरं. चेहरे ओळखीचे नव्हते. अनसिंगच्या बाजारातून दवंडी ऐकून आली असतील, त्यानं मनाशी धरलं. पंगतीत बसलेल्याला गाव विचारू नये, हे त्याच्या आईनं त्याला लहानपणीच शिकवलं होतं. त्यानं मिठाचं ताट उचललं आणि स्वतः वाढायला गेला.

ती माणसं फार शिस्तीनं जेवत होती. बोलणं नाही, भुरके नाहीत. रोडगा पानात पडला की आधी दोन्ही हातांनी धरून ठेवायचे, जरा वेळ, मग खायचे. जगदेवनं आग्रह केला, बुंदी दोनदा फिरवली. एका म्हाताऱ्या बाईनं त्याच्याकडे मान वर करून पाहिलं.

"पोटभर वाढून राह्यला रे, बाप्पा," ती म्हणाली. "कोनाचा तू?"

"रंगूबाईचा. जगदेव."

"रंगूचा?" तिनं शेजारणीकडे पाहिलं. दोघी समाधानानं हसल्या. "घरी कोन कोन असतेत?"

"मी, बायको, माय आन् दोन पोरी."

"पाच," म्हातारी म्हणाली, आणि जेवू लागली.

त्याच वेळी अकोल्याचा दुभाष्या आला. लँकेशायरच्या साहेबाला एक शंका होती. गावातला प्रत्येक माणूस जेवायला येताना आपापला पाण्याचा तांब्या घेऊन आला आहे. मग त्या पलीकडच्या ओळीत एकाकडेही का नाही? जगदेव म्हणाला, विसरले असतील. नव्वद माणसं एकदम तांब्या विसरतात हे ऐकून दुभाष्यानं त्याच्याकडे जरा पाहिलं आणि साहेबाला काहीतरी लांबलचक सांगितलं.

अन्न पुरलं! शेवटचा रोडगा शेवटच्या पानात पडला, आणि एकही माणूस अर्ध्या पोटी उठला नाही. पत्रावळी चारशेच्या चारशे संपल्या. जगदेवला रडूच यायचं बाकी होतं. पाटलांनी सगळ्यांदेखत त्याच्या पाठीवर थाप मारली आणि तोच चावडीवरचा टोमणेवाला ढेकर देऊन म्हणाला, "याले म्हन्तेत जगदेवचं जेवन!" नऊ वर्षांचं गोंदण त्या एका ढेकरात पुसलं गेलं.

उष्टी पानं गोळा करताना विहिरीकडची नव्वद पानं त्याला वेगळी ओळखू आली. त्यांवर शीत नव्हतं, तुपाचा डाग नव्हता. धुऊन ठेवल्यासारखी होती.

घरी आल्यावर त्यानं आईला सहज विचारलं, "माय, तिकडची मानसं कोन होती वो? तुले ओळखत होती."

रंगूबाईला आता नीट दिसत नसे. तिनं आवाजाच्या रोखानं तोंड वळवलं.

"त्यायच्यापाशी तांबे नव्हते, नाई का?" ती म्हणाली. "छपन्नात सगळ्यायनं भांडी इकली होती." आणि अंगावर गोधडी घेऊन भिंतीकडे तोंड करून निजली.

सकाळी पाहुणे गेले. चौदाही जण ठणठणीत, एकाचंही पोट बिघडलं नाही. तहसीलदारसाहेबांनी जगदेवशी हात मिळवला. जपानच्या दोघांनी त्याला वाकून नमस्कार केला, त्यानं उलट केला, त्यांनी पुन्हा केला. गुलाम नबींनी मधे पडून सोडवलं नसतं तर वाशीमची रेल्वेगाडी चुकली असती. आईच्या बोलण्याचा जगदेवनं एकदाच विचार केला. म्हातारपणी माणसं काहीही बोलतात, असं ठरवून त्यानं तो सोडून दिला.

तिसऱ्या दिवशी तो गुलाम नबींसोबत खुर्च्या पोचवायला वाशीमला गेला आणि परत आला तो चार वाजता. पोटात कावळे ओरडत होते. सावळीतून चालताना लोक ओट्यावरून हाका मारत होते, "या जगदेवभाऊ, बसा!" तो हसत, हात जोडत घरी आला.

चुलीत राख थंड होती.

तुळसाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून बसली होती. पोरींच्या वेण्या घातलेल्या, कपाळावर ताजं कुंकू. उंबऱ्यावर पिवळ्या अक्षता सांडल्या होत्या.

"भूक लागली वो," जगदेव म्हणाला. "आज चूल काहून नाई पेटवली?"

"अवो, कायले पेटवू? चूलबंद आवतन हाये न आपल्याले." तिचा चेहरा आनंदानं फुलला होता. "दोन म्हाताऱ्या आल्या होत्या दुपारी. लय गोड बोलल्या. कुकू लावलं. म्हने, तुह्या नवऱ्यानं आमाले पोटभर वाढलं, आता फेड आमची. येकेकाचं नाव घेऊन आवतन देल्लं, धाकलीचं बी."

"कोनत्या गावच्या?"

"नाई इचारलं बाप्पा. असं इचारत असतेत काय?"

"आन् जेवाले जायचं कवा?"

"तेच तं म्या इचारलं." तुळसाबाई हसली. "म्हने, घाई नाई. आमी पानं मांडून ठेवतो."

आतल्या खोलीत आई पडून होती. ती जागी होती. गोधडीखाली तिची बोटं एकेक मोजल्यासारखी हलताना त्याला दिसली.

जगदेव पायात वहाणाही न घालता निघाला. नाला ओलांडला. ऊन अजून चांगलं होतं, निंबावर पोपट भांडत होते. तंबूंच्या मेखांची भोकं जमिनीत तशीच होती.

विहिरीजवळची जागा झाडून सारवलेली होती.

तिथं पत्रावळी मांडल्या होत्या. आजच लावलेल्या, हिरव्यागार. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर एक पांढरा खडा.

त्यानं मोजल्या. पाच.

चार पानं कोरी होती.

पहिल्या पानावर, डाव्या कोपऱ्यात, मीठ वाढून झालं होतं.