ब्रूजमधली दुसरी फेरी

एकतीस वर्षं मी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासले. जे दिसलं तेवढंच लिहायचं, ही तिथली शिस्त. इथंही तेवढंच लिहिते.

नोव्हेंबरचा पहिला शनिवार होता. सकाळच्या गाडीनं मी आणि माझा नवरा लिव्हन, आमच्या कोर्टरेक गावाहून ब्रूजला निघालो. कल्पना त्याची. "पस्तीस वर्षं झाली लग्नाला. एक दिवस पर्यटकांसारखं हिंडू," म्हणाला. मी हो म्हटलं, कारण मला त्याला काही सांगायचं होतं आणि घरात ते तोंडातून निघत नव्हतं. गेंट शहरात मी एक खोली घेऊन ठेवली होती. एकटीसाठी. आमच्यात भांडण नव्हतं. दवाखान्याबाहेरच्या बाकावर दोन अनोळखी माणसं बसतात ना, तसे आम्ही कित्येक वर्षं एका घरात राहत होतो.

ब्रूजवर धुकं उतरलं होतं. कालव्याचं पाणी हिरवट, जड. लिव्हन नेहमीसारखा माझ्यापुढे चार पावलं चालत होता.

कालव्याकाठच्या कॅफेत शिरलो, तर तिथली वेट्रेस हसत पुढं आली.

"अरे वा, परत आलात! तीच खिडकी देऊ ना?"

"आम्ही आत्ताच गाडीतून उतरतोय," मी म्हटलं.

"हो का!" तिला ती थट्टा वाटली.

खिडकीपाशी दोन कप अजून उचललेले नव्हते. एकाच्या कडेला ओठांचा फिकट विटकरी ठसा होता. माझाच, असं मी म्हणणार नाही. पण ती छटा मी वीस वर्षं लावते आहे.

"कुणासारखे तरी दिसत असू," लिव्हन म्हणाला.

"दोघंही?"

तो पावाला लोणी लावत राहिला.

दुपारी धक्क्यावर गेलो. मोसमातल्या शेवटच्या फेऱ्या चालू होत्या. नावाडी लाल नाकाचा, बोलघेवडा.

"काय साहेब, पुन्हा? सकाळी बाईसाहेबांनी एवढं हसवलं, की पुलाखाली मान वाकवायची राहिली असती माझी!" मग त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "आता हो काय झालं? भांडलात वाटतं?"

नावेतले लोक हसले. मी काठाकडे बघत राहिले. पुलाखालून जाताना ओल्या दगडाचा वास आला, इंजिनाचा आवाज भिंतींना थडकून अंगावर आला. तेवढ्यात लिव्हन पुढे वाकला आणि नावाड्याला हळूच म्हणाला, "आम्ही कुठं बसलो होतो?"

"तिथं, मागं. अगदी चिकटून."

मागचं बाक रिकामं होतं. उरलेली सगळी फेरी लिव्हन त्या बाकाकडे बघत बसला. मी पहिल्यांदा घाबरले ती तेव्हा. नावाड्याच्या बोलण्यानं नाही. लिव्हननं ते विचारलं म्हणून.

त्यानंतर आम्ही काही पाहिलंच नाही. तो गल्ल्यांमधून सकाळच्या त्या दोघांना शोधत होता. तोंडानं कबूल करत नव्हता, पण प्रत्येक वळणावर मान उंचावत होता. एका दुकानातली बाई त्याला बघून ओळखीचं हसली, तेव्हा तोही हसला. माझ्यासोबत असताना तो असा शेवटचा कधी हसला होता, मला आठवेना.

चारच्या सुमारास आम्ही स्टेशनाकडच्या तळ्यापाशी आलो. हंस काठावर माना पाठीत खुपसून बसले होते.

"ग्रीट," त्यानं मला हाक मारली.

तळ्याच्या टोकाच्या पुलावर दोघं उभी होती. धुक्यात चेहरे दिसत नव्हते. बाईचा कोट राखाडी, माझ्यासारखा. तिनं पुरुषाच्या खांद्यावर डोकं टेकलं होतं. ती काहीतरी बोलली आणि तो मान मागं टाकून हसला. ते हसू पाण्यावरून आमच्यापर्यंत आलं. मी ते ओळखलं. लग्नाआधी ऐकलं होतं.

"किती सुखात आहेत," लिव्हन म्हणाला. "मी बघून येतो."

"नको जाऊस."

"का?"

त्यानं ते खरंच विचारलं होतं. माझ्या उत्तरासाठी थांबला होता.

मी कोटाची वरची गुंडी लावली.

तो धुक्यात शिरला. गावात घंटा वाजायला लागल्या. पुलावर आता कुणीच दिसत नव्हतं.

मग तो आला. एकटाच. गाल लाल झालेले. आल्या आल्या त्यानं माझा हात हातात घेतला. त्याचा हात गरम होता.

"कोण होते?"

"कुठं कोण?" तो म्हणाला. "चल, गाडी चुकेल. आज काय हसवलंस गं मला!"

मी निघाले. पलीकडच्या काठावरून कुणीतरी माझं नाव घेऊन हाक मारली. एकदाच. आवाज पुरुषाचा होता, घाबरलेला.

मी मागं वळून पाहिलं नाही.

गाडीत तो बोलत होता. हंसांबद्दल, नावाड्याबद्दल. माझा हात त्यानं सोडला नव्हता. खोलीचा विषय मी काढला नाही. बाहेर ओली शेतं काळवंडत चालली होती. अर्ध्या वाटेवर त्याचा फोन वाजला.

"हो गं आन्के, निघालो. खूप मजा आली. थांब, आईला देतो."

आम्हांला मूल नाही. सव्वीस वर्षांपूर्वी डॉक्टरांकडून आम्ही घरी आलो, आणि त्यानंतर त्यावर कधी बोललोच नाही.

मी फोन कानाला लावला.

"आई?" तरुण मुलीचा आवाज. मागं नळ वाहत होता, भांडी वाजत होती. "आई, ऐकू येतंय ना?"

लिव्हन मायेनं माझ्याकडे बघत होता.

"बोल बाळा," मी म्हटलं.

पलीकडचा नळ बंद झाला.

"आई, आज तुझा आवाज वेगळा येतोय."

"सर्दी झालीय गं जराशी," मी म्हटलं.