हृदयात दात उगवला तर?

"मॅडम, माझ्या हृदयात दात उगवला तर?"

हा प्रश्न विचारायचाच, अशी पैज माझ्या मैत्रिणींनी, अक्षदा आणि सुमय्याने, लावली होती. नाही विचारला, तर लेझीम पथकात सगळ्यात पुढे उभं राहायचा माझा मान गेला.

तशीही ती जागा वर्षभर रिकामीच होती. २०४२च्या तापात माझ्या हृदयाच्या स्नायूचा एक भाग मेला. जिना चढले तरी धाप लागते. आता मिरजेच्या प्रयोगशाळेत माझ्यासाठी नवा स्नायू तयार होत होता आणि तो बसवायचा की नाही, यावर आईबाबांचं एकमत होत नव्हतं. म्हणून आज आम्ही तिघं तिथेच आलो होतो.

डॉक्टर मुजावर मॅडम हसल्या नाहीत. "बरोबर विचारलंस. उगवू शकतो."

आईने माझं मनगट घट्ट धरलं.

"तुझ्या रक्तातल्या पेशी आम्ही मागे नेल्या. इतक्या मागे, की त्या मूळपेशी (काय व्हायचं ते अजून न ठरलेल्या पेशी) झाल्या. त्यांचं हाड, केस, दात, काहीही होऊ शकतं. म्हणून आधी त्यांना इथे ताटलीतच हृदयपेशी (आकुंचन पावणाऱ्या स्नायूपेशी) बनवतो. ज्या बनत नाहीत, त्या हा काढतो."

'हा' म्हणजे चिमटा नावाचा रोबो. तांदळातले खडे निवडावेत तसा तो पेशी निवडत होता.

"आज किती रे?" मी विचारलं.

"एकोणीस. उद्या पुन्हा बघणार," चिमटा म्हणाला.

मग मॅडमनी पडद्यावर दोन ठिपके दाखवले. दोन्ही माझ्याच पेशींचे. एक घाईघाईने धडधडत होता, दुसरा निवांत. "आणि हे त्यांना चिकटवल्यावर, तीन दिवसांनी." आता दोघांचा ठोका एकच. "शेजारच्या पेशींमध्ये बारीक वाटा तयार होतात. ठोक्याचा इशारा त्यातून पुढे जातो."

"हृदयातही असंच होईल?" बाबांनी विचारलं.

"लगेच नाही. काही आठवडे नव्या पेशी आपल्याच तालात चालू शकतात. खरा धोका तोच. तेवढे दिवस ही आमच्या नजरेखाली राहील."

बाबांचा चेहरा उतरला. मला मात्र हे ओळखीचं वाटलं. पथकात नवी मुलगी आली की चार दिवस तिची लेझीम आमच्या आधीच वाजते. आम्ही तिला काढत नाही. दोन जुन्या मुलींच्या मधे उभी करतो.

"आई, बाबा," मी म्हणाले, "सही तुमची लागेल, पण ठरवलंय मी. स्नायू बसवून घेणार. आणि दवाखान्यात येताना माझी लेझीम आणा. वाजवणार नाही, नुसती उशाशी ठेवणार."