चेनमधला मासा

चार वाजायच्या सुमारास भावजय मोटरसायकल ढकलत गॅरेजच्या दारात आली, तेव्हा ताई एका स्कूटरचा कार्ब्युरेटर फुंकत बसली होती. गल्लीत तिला सगळे ताईच म्हणत. पाठीमागे ‘हातोडी’ म्हणत, तेही तिला ठाऊक होतं. चौथीपर्यंत शाळा झाली आणि बापाच्या गॅरेजात पाने उचलायला लागली, ती आजतागायत. जीभ अशी की गिऱ्हाईक गाडीच्या बिघाडापेक्षा तिलाच जास्त भ्यायचं. पण त्या दिवशी तिनं मान वर केली आणि शब्द तोंडातच राहिला.

गाडी तिच्या धाकट्या भावाची होती. अकरा महिन्यांपूर्वी गावाबाहेरच्या उतारावर मागचं चाक अडकून ती पडली. गाडी परत आली, भाऊ आला नाही.

“वन्सं, चेन वाजते,” भावजय म्हणाली.

“इकडे कशाला आणलीस? पलीकडच्या मिस्त्रीनं नवी चेन टाकली ना?”

“त्यांनी दोनदा बघितली. म्हणतात, मला काही ऐकूच येत नाही.” तिनं पदरानं कपाळ पुसलं. “उद्यापासून खालच्या गावात दवाखान्यात कामाला लागतेय. पहिली बस उशिराची. गाडीशिवाय जमायचं नाही.”

खालच्या गावाला जायचं तर तोच उतार.

ताईनं हात पुसले. नाही म्हणायला तोंड उघडत नव्हतं आणि हो म्हणायला छाती होत नव्हती. शेवटी उठली आणि गाडी मोठ्या स्टँडवर चढवली. “ये, बस त्या पाटावर. आवाज कधी येतो ते सांग. इंजिनाबरोबर की चाकाबरोबर?”

“इंजिन बंद करून नुसती सोडली तरी येतो. टक्... मग जरा थांबून, टक्...”

“म्हणजे चेनकडचाच. रोग्यानं नीट सांगितलं की निम्मं औषध झालं.”

ताईनं चेन खालून बोटानं उचलून पाहिली. तीन बोटं झोळ होता, हवा होता दीड. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा जुळत नव्हत्या, चाक एक रेघ वाकडं बसलेलं. कड्या कोरड्या ठणठणीत. “ह्या मिस्त्रीला गाडी नाही, बैलसुद्धा बांधता यायचा नाही,” ती पुटपुटली. भावजय ओठातल्या ओठात हसली. अकरा महिन्यांत तिला हसताना ताईनं पाहिलं नव्हतं.

रॉकेलमध्ये ब्रश बुडवून तिनं चेन धुतली, फडक्यानं कोरडी केली, आतल्या कड्यांत थेंब थेंब तेल सोडलं. एक्सलचा नट सैल केला, खुणा जुळवल्या, ताण बसवला, नट आवळला. चाक हातानं फिरवलं. खरखर गेली. चेन रेशमासारखी सुळसुळत निघाली.

टक्.

ताईनं चाक थांबवलं. वारा पडला होता, पत्र्याखाली रॉकेलचा वास कोंडला होता. तिनं पुन्हा फिरवलं आणि फेरे मोजायला लागली. चाकाच्या दर फेऱ्याला वाजलं तर दोष चाकाकडच्या दात्यांत. पण हे वाजत होतं अडीच फेऱ्यांनी. चाकाचे अडीच फेरे म्हणजे चेनचा एक. म्हणजे सबंध चेनमधली एकच कडी वाजत होती.

तिनं खडू घेतला, आवाज आला तिथं चाक धरलं, चेनच्या कव्हराजवळच्या कडीवर पांढरी रेघ ओढली. रेघ खाली फिरवून आणली आणि पाहिलं.

रेघ लॉकवर होती.

चेनची दोन टोकं जोडतात तिथं एक बारकी पोलादी पट्टी असते. एका बाजूनं गोल, दुसऱ्या बाजूनं चिरलेली, थेट मासोळीसारखी. भाऊ लहान असताना ताईनंच त्याला शिकवलं होतं, मासा डोकं पुढे करून पोहतो. चेन पळते तिकडे डोकं, मागे शेपूट. उलटा बसवला तर कुठंतरी शेपूट अडकते, मासा उडतो, चेन तुटते. तेव्हापासून भाऊ मोठा बाप्या झाला तरी गाडी न्यायला आला की चिडवायचा, “ताई, मासा बघितलास का?”

हा मासा उलटा होता. शेपूट कव्हराच्या कडेला घासून टक् करत होती.

“गाढव,” ती मिस्त्रीला म्हणाली, पण आवाजात धार नव्हती. पकडीनं लॉक काढलं, डब्यातलं कोरं घेतलं, डोकं पुढे करून बसवलं, अंगठ्यानं दाबून पाहिलं. चाक फिरवलं. एक, दोन, अडीच. पाच. साडेसात. काही नाही.

“झालं?” भावजयीनं विचारलं.

“झालं.”

टक्.

ताईनं चाक धरलं. लॉक खाली आणलं. मासा उलटा होता.

तिनं डोळे चोळले. चष्मा पुसला. आताच, ह्या हातांनी, डोकं पुढे... पुन्हा काढला. पुन्हा बसवला. ह्या वेळी बोट त्याच्यावरून फिरवलं, गोल बाजू पुढे, चीर मागे. चाक फिरवलं आणि कान देऊन राहिली. दारातला उजेड पिवळा होत चालला होता. कुठूनतरी ओल्या मातीचा वास आला. पाऊस नव्हता, गल्ली धुळीनं कोरडी होती.

“मासा बघितलास का?”

ताईच्या हातातली पक्कड खाली पडली. “काय म्हणालीस?”

“मी?” भावजय दचकली. “मी काही बोलले नाही, वन्सं.”

“आत्ता... मागून...”

“नाही हो. मी चाकाकडेच बघतेय.”

टक्.

ताईनं खाली पाहिलंच नाही. बघायची गरज नव्हती. ती तिथंच जमिनीवर बसली आणि तो दिवस तिच्यासमोर उभा राहिला.

त्या दिवशीही भाऊ ह्याच जागी उभा होता. चेन वाजते म्हणून तिसऱ्यांदा आला होता. आधी दोनदा तिनं त्याला हाकललं होतं, तेल टाक आणि गप चालव म्हणून. आई कोणाकडे राहणार यावरून दोघांचं बिनसलेलं. ती चेन जोडत होती आणि तोंडानं त्याला सोलत होती. घर मोठं घेतलंस, आईला एक खाट मावत नाही का? तो ऐकून घेत होता. शेवटी, भांडण मिटावं म्हणून असेल, नेहमीसारखं हसून म्हणाला, “मासा बघितलास का?”

“मला शिकवतोस?” ती म्हणाली होती. आणि बघितलं नव्हतं.

तीन दिवसांनी तो उतारावर पडला. तुटलेली चेन सापडली. लॉक सापडलं नाही. चाकात चेन गुंडाळून चाक जाम झालेलं. ताईनं चेन हातात घेतली तेव्हाच तिला कळलं. पण लोक जमले होते, कोणीतरी म्हणालं, वेगात असेल. आणि तिच्या तोंडून निघालं, “हो. वेगातच चालवायचा.” तेवढंच. पुढचं लोकांनी जोडलं. सकाळी नवराबायकोत खटका उडाला होता म्हणे. बायकोवर रागावून सुसाट निघाला म्हणे. अकरा महिने भावजय मान खाली घालून वावरत होती आणि ताईनं ते उघड्या डोळ्यांनी पाहिलं होतं. जगाला फटकन बोलणाऱ्या बाईला हे एक वाक्य फिरवता आलं नव्हतं.

“अगं,” ती म्हणाली, “तो वेगात नव्हता.”

भावजयीनं चाकावरची नजर उचलली.

“लॉक मी उलटं बसवलं. रागात होते. त्यानं विचारलं होतं मला... मी बघितलं नाही. नंतर कळलं, तरी गप बसले.”

दारातून एक सायकल घंटी वाजवत गेली.

“म्हणजे,” भावजय हळूच म्हणाली, “माझ्यावर रागावून नव्हते गेले ते.”

“नाही.”

“दारात फिरून मागे बघितलं होतं त्यांनी. मला वाटायचं, ते माझ्या मनाचे खेळ. अकरा महिने, वन्सं. रात्री उठून त्यांची माफी मागायचे मी.”

ताईला म्हणायचं होतं, मला मार, शिव्या घाल. पण भावजय उठली, पक्कड उचलली आणि गाडीपाशी उकिडवी बसली. “दाखवा कसं बसवायचं. मीच बसवते.”

“गोल बाजू पुढे. हं... आता दाब.”

लॉक बसलं. भावजयीनं स्वतः चाक फिरवलं. अडीच. पाच. दहा. वीस. चेन नुसती सुळसुळत राहिली.

“सगळ्यांसमोर सांगायचं,” गाडी बाहेर काढताना ती म्हणाली. “एकूण एक माणसाला. माझ्यासाठी नाही, त्यांच्यासाठी.”

“सांगते.”

आणि ताईनं सांगितलं. चुलत्यांना सांगितलं, गल्लीला सांगितलं, पलीकडच्या मिस्त्रीला त्याच्या गॅरेजात जाऊन सांगितलं. कोणी थुंकलं, कोणी म्हणालं, होतं माणसाकडून. सांगून ताईचं ओझं काही हलकं झालं नाही. भावजय रोज उतारावरून जाते, येते. गाडी वाजत नाही.

फक्त एका माणसाला सांगायचं राहिलं. आई आता ताईकडेच असते, गॅरेजच्या मागच्या खोलीत, अंथरुणाला खिळलेली. भात भरवताना ती म्हणते, “वेगात जायचा गं माझा पोरगा. तू तरी जपून राहा.” ताई घास पुढे करते. आज सांगू, उद्या सांगू करत पावसाळा गेला, थंडी आली.

लॉकचा डबा मात्र ताई हल्ली रात्री कपाटात कुलूप लावून ठेवते. पन्नाससाठ लॉकं, कशीही ओतलेली. सकाळी झाकण काढलं की ती रांगेनं लागलेली असतात, सगळ्यांची डोकी दाराकडे, उताराच्या रस्त्याकडे. एकच उलटं असतं, ताईकडे डोकं करून.

परवा सकाळी ती ते एक बोटानं फिरवत होती, तेव्हा आतून आईची हाक आली.

“कोणाची गाडी आलीय गं? चेन वाजतेय बघ... पहाटेपासून.”

ताईनं गॅरेजभर पाहिलं. दार अजून उघडायचं होतं, आणि आत एकही गाडी नव्हती.