सातव्या खाटेचा पडदा

पोळ्याचा दुसरा दिवस होता. जाम नदीवर गोटमार सुरू झाली आणि दुपारपासून पांढुर्ण्याच्या जुन्या दवाखान्यात डोकी फुटलेली माणसं येऊ लागली. नदीत एकमेकांवर गोटे भिरकावणारे पांढुर्ण्याचे आणि सावरगावचे गडी इथे एकाच बाकावर बसून एकमेकांची बिडी पेटवून देत होते. पुरुषांचा वॉर्ड भरला, तेव्हा उरलेल्यांना बायकांच्या वॉर्डात जमिनीवर सतरंज्या घालून निजवलं. अकरा नंबरची खाट तेवढी रिकामी राहिली. तिच्या स्प्रिंगा गेल्यात असं सांगून म्हातारी आया कलाबाई ती कोणालाच देत नसे.

त्या वॉर्डावर पुष्पा नर्स होती. बोरगावची मुलगी, नोकरीला तीन महिने झालेले. मनानं चांगली होती, पण कामाच्या घाईत तिला माणसांची नावं आठवत नसत.

"सात नंबर, पाणी प्या हो!"

सातव्या खाटेवर मोहगावची अंबाबाई होती. जन्मभर दुसऱ्याच्या शेतात निंदण-खुरपण केलेली, आता पाच दिवसांच्या तापानं वाळून गेलेली. सलाईन लावायला तिची शीर सापडत नव्हती. पाणी पोटात गेलं नाही, लघवी झाली नाही, तर काही खरं नाही, असं डॉक्टर सकाळीच सांगून गेले होते. नागपूरला न्यावं तर जत्रेनं रस्ता अडलेला. आणि म्हातारीनं सकाळपासून ओठ घट्ट मिटलेले.

"कायले हट्ट करून राहिल्या आजी? जीवावर बेतन ना!"

अंबाबाईनं मान भिंतीकडे वळवली. "पाणी पेलं का मंग भांडं लागते, माय. एवढी माणसं बसून हायेत."

पुष्पानं वॉर्डभर पाहिलं. खरंच होतं. वॉर्डाचा एकुलता एक पडदा, लोखंडी चौकटीचा, हिरव्या कापडाचा, दुपारीच टाके घालायच्या खोलीत गेला होता.

"आजच्या दिवस चालून जाते, आजी. कोणी नाही पाहत."

"मले तर मालूम रायते ना," अंबाबाई म्हणाली आणि तिनं डोळे मिटले.

दिवस मावळला. आभाळ भरून आलं होतं, त्यात वीज गेली. वॉर्डात रक्ताचा, घामाचा आणि ओल्या सतरंज्यांचा वास कोंडला. पुष्पा चाचपडत व्हरांड्याच्या टोकाला कंदील आणायला गेली. तिनं काडी ओढली, तेवढ्यात मागून आवाज आला.

चुंई... टक. चुंई... टक.

पडद्याचं एक चाक मोडकं होतं, ते असंच वाजे. कलाबाईनं पडदा आणला वाटतं, म्हणून पुष्पाला बरं वाटलं. ती कंदील घेऊन परतली. सातव्या खाटेभोवती हिरवा पडदा उभा होता. रक्ताचा वास कुठल्या कुठे गेला होता आणि निलगिरीच्या तेलाचा गारसर वास दरवळत होता.

आत कोणीतरी हलक्या आवाजात बोलत होतं.

"अंबाबाई... थोडं पाणी घेता?... आता हात लावू का?... घाई नाही. तुम्ही सांगा, मग लावते..."

"हाव," अंबाबाईचा आवाज आला. मग लोखंडी भांड्यात बारीक धार वाजली.

हा आवाज कलाबाईचा नव्हता. पुष्पानं कंदील खाली धरला. पडद्याखाली वीतभर फट होती. चाकं दिसली, खाटेचे पाय दिसले. बोलणारीचे पाय मात्र कुठेच नव्हते...

"कोण... कोण आहे आत?"

आतला आवाज थांबला. मग कापडाच्या पलीकडून, अगदी तिच्या कानाशी, कोणी म्हणालं, "थांब गं पोरी. त्यांचं होऊ दे."

पुष्पाच्या अंगावर सर्रकन काटा आला. तरी तिनं पाठ वळवली आणि कंदील पदराआड धरला. तेव्हा तिला दिसलं, जमिनीवरच्या साऱ्या गड्यांनीही भिंतीकडे तोंडं केली होती. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

वीज आली. पुष्पानं वळून पाहिलं, तर पडदा नव्हता. अंबाबाई झोपली होती आणि तिच्या कपाळावर घाम फुटला होता. खाटेखाली भांडं, त्यावर स्वच्छ फडकं. स्टुलावर रिकामा गिलास पालथा घातलेला.

पुष्पा टाके घालायच्या खोलीकडे धावली. पडदा तिथेच होता. त्यावर रक्ताचे दोन सदरे वाळत पडले होते.

तिथे फरशी पुसणाऱ्या कलाबाईनं सगळं ऐकून हातातलं फडकं खाली ठेवलं. "निलगिरीचा वास आला? अन् गिलास पालथा?... शकुंतला सिस्टर होती ते. बावीस वर्षं या वॉर्डात काढली तिनं. इचारल्याबिगर कोणाच्या अंगाले हात नाही लावला."

"कुठं असते आता?"

"चार वर्षं झाली तिले जाऊन. असाच गोटमारीचा दिवस. बिमार पडली अन् त्या अकरा नंबरवर गेली. पडदा तवा मीच इकडे आणला होता, सिस्टर. ते शेवटपर्यंत चादर ओढून राहिली होती अंगावर... अन् सारा वॉर्ड पाहून राहिला होता."

पुष्पा वॉर्डात परतली. तिनं दोर आणला, खिडकीच्या गजांना बांधला आणि चादरींचे पडदे करायला घेतले. दोर ताणताना त्याचं एक टोक डोक्याला पट्टी बांधलेल्या सावरगावच्या गड्यानं धरलं, दुसरं पांढुर्ण्याच्या. प्रत्येक खाटेशी थांबून ती नाव घेऊन विचारत होती, "लावू का?" शेवटी ती अकरा नंबरपाशी आली.

"तिथं कोणी नाही, सिस्टर," कलाबाई रडवेली होऊन म्हणाली.

पुष्पा तरी थांबली. "शकुंतलाताई... लावू का?"

रिकाम्या खाटेच्या स्प्रिंगा हळूच कुरकुरल्या, कोणी थकून कूस वळवावी तशा. पुष्पानं चादरी ओढल्या आणि त्यांची टोकं बाहेरून एका नाडीनं घट्ट बांधली.

सकाळी अंबाबाई उठून बसली होती आणि चहा मागत होती. ताप उतरला होता. पुष्पा हसत हसत चादरी सोडत निघाली आणि अकरा नंबरशी आली.

तिनं बाहेरून मारलेली गाठ तिथे नव्हती. नाडी चादरींच्या फटीतून आत ओढलेली होती आणि गाठ आतून बांधलेली होती.

पुष्पानं पुढे केलेला हात मागे घेतला.

"राहू द्या," ती हळूच म्हणाली. "निवांत पडा, ताई."